मागच्या खोलीतला राउटर

माझ्या नाकावर राग असतो, असं माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे सांगितलं जातं. दोन्ही घरांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट. आणि पोटापाण्याचा उद्योग असा की दिवसभर गोड बोलायचं. एका विमा कंपनीचे तक्रारीचे फोन मी घरी बसून घेते. कानावर हेडफोन, समोर लॅपटॉप आणि तोंडात एकच वाक्य, "मी समजू शकते." कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुणाचा नवरा गेला आणि कागदपत्रं सापडत नाहीत; सगळ्यांना मी समजू शकते. संध्याकाळपर्यंत इतकं समजून घेतलेलं असतं की घरच्यांसाठी समजूत म्हणून काही उरत नाही. नवऱ्याला हे पाठ आहे. तो कामावरून आला की आधी माझा चेहरा बघतो आणि मग बूट काढायचे की एक फेरी मारून यायचं, ते ठरवतो.

सासूबाई गेल्यावर माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. सासूबाईंना सगळे माई म्हणायचे आणि सासऱ्यांना बाबा. बाबा एका शाळेचे मुख्याध्यापक होते. माईंनी त्यांना घरात कधी मुख्याध्यापक होऊ दिलं नाही हा भाग वेगळा, पण आवाज मात्र शाळेचाच राहिला होता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. साधं "मीठ दे" म्हणाले तरी आपण उभं राहून उत्तर द्यावं असं वाटायचं.

त्यांना आम्ही मागची खोली दिली. खोली छान, उजेडाची, खिडकीतून समोरचं झाड दिसतं. अडचण एकच. आमची इमारत पूर्वी गोदाम होती आणि त्या खोलीच्या भिंती अजून गोदामाच्याच आहेत, हातभर जाड. बैठकीतल्या राउटरपासून निघालेलं वायफाय त्या भिंतीवर डोकं आपटून परत यायचं. नवऱ्याने फार पूर्वी तिथे स्वतःचा कॉम्प्युटर ठेवायचा म्हणून बैठकीपासून एक केबल ओढून घेतली होती. तिचं टोक भिंतीत पांढऱ्या खोक्याशी येऊन थांबलं होतं आणि कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

बाबांच्या दिवसात महत्त्वाचं काम एकच. दुपारच्या चहानंतर आक्काला पेपर वाचून दाखवायचा. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. यांची आई लवकर गेली आणि आक्कानेच यांना वाढवलं. आता ती दुसऱ्या गावी असते, नजर जवळजवळ गेलेली, सोबतीला सांभाळणाऱ्या एक बाई. त्या बाई टॅब आक्कासमोर टेकवून ठेवायच्या. बाबांचा फोन आला की तो आपोआप उचलला जायचा. मग बाबा वाचायचे. आधी निधनवार्ता, कारण कोण कोण गेलं ते आक्काला सगळ्यात आधी कळायला हवं. त्यानंतर चोऱ्या, मग हवामान. राजकारण सगळ्यात शेवटी, तेही आक्काचा डोळा लागला नसेल तर. प्रत्येक बातमीनंतर आक्का "हं" म्हणायची. तेवढ्या "हं"वर बाबांचा पुढचा दिवस निघायचा. माई गेल्यानंतर त्यांना नावाने हाक मारणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं. आणि आक्का हाक मारायची ती "बाळ्या" अशी.

मागच्या खोलीत सिग्नल नाही म्हणून बाबा स्वयंपाकघर आणि माझी कामाची जागा यांच्या मधल्या बोळात खुर्ची टाकून बसत. माझ्या पाठीमागे, चार हातांवर. एकीकडे मी कुणालातरी समजून घेत असायची आणि मागून शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात कुणाचंतरी अल्पशा आजाराने निधन होत असायचं. एकदा तर एका बाईंनी पाण्याने खराब झालेल्या फ्रिजची तक्रार अर्ध्यातच थांबवली आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडे कुणी गेलंय का? मी नंतर करते हं फोन. काळजी घ्या." 

त्या बाई भल्या होत्या. माझी सुपरवायझर नव्हती. तिने तो फोन पुन्हा ऐकला आणि मला ऐकवला. मी हेडफोन काढला, बोळात गेले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "बाबा, हे सगळं तुमच्या खोलीत बसून नाही का करता येणार?"

खोलीत सिग्नल नाही हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. पण त्यांनी ते सांगितलं नाही. नुसतं "बरं" म्हणाले, खुर्ची उचलली आणि आत गेले. या घराण्याची ही खोड आहे. मागायचं नाही, विचारायचं नाही, सांगायचंही नाही. मनातल्या मनात काय ते ठरवायचं आणि ते निस्तरत बसायचं.

त्यांनी काय केलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. जुन्या घरातून आणलेलं एक खोकं त्यांनी अजून उघडलं नव्हतं. त्यात माईंच्या वेळचा राउटर होता. तो त्यांनी बाहेर काढला, पुसला, टेबलामागे ठेवला आणि भिंतीतल्या त्या विसरलेल्या केबलला जोडला. जुन्या घरी रस्त्यावरून आलेली तार राउटरच्या रंगीत भोकात जात असे. ही तार घरातूनच आलेली, म्हणून ती घरातल्या यंत्रांसाठीच्या साध्या भोकांपैकी एकात घातली. बाबांच्या टॅबने वायफायचं जुनं, ओळखीचं नाव बघितलं आणि पटकन जोडून घेतलं. बाबा खूश झाले असणार. कुणाला त्रास नाही, कुणाचे उपकार नाहीत. शिवाय शिक्षकाची सवय अशी की वर्ग सुटला की दिवे-पंखे बंद. त्यामुळे वाचनापुरता राउटर चालू आणि वाचन झालं की बटण बंद.

आणि त्या दिवसापासून माझं नेट दगा द्यायला लागलं.

रोज दुपारचा चहा झाला की माझे फोन तुटायचे. समोरचा माणूस तळतळून बोलत असताना मध्येच गप्प. मी "हॅलो, हॅलो" करत बसायची. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत. नवऱ्याने राउटर झटकला, फुंकला, बंद करून चालू केला. पुरुषांना यंत्रांतलं जेवढं कळतं तेवढं सगळं केलं. नेट कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, पण तो यायचा सकाळी, आणि सकाळी सगळं ठणठणीत. दुसऱ्यांदा जाताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुखणं यंत्राला नसून बाईला आहे. सुपरवायझरने सांगितलं, असंच चाललं तर मला घरून काम करता येणार नाही. माझा पारा किती चढला असेल याची कल्पना करा. मी घर डोक्यावर घेतलं. बाबा जेवताना मान खाली घालून बसायचे. मला वाटलं, माझ्या आरडाओरड्याला कंटाळले. असतील तर असोत, मीही कंटाळले होते.

मग एक दिवस माझ्या जेवणाच्या सुट्टीत आक्काकडच्या बाईंचा फोन आला. त्या इतक्या हळू बोलत होत्या की मला आधी वाटलं, आक्का गेली.

"ताई, आजींना कळू देऊ नका मी फोन केला म्हणून," त्या म्हणाल्या. "दादा रोज फोन लावतात, पण बोलतच नाहीत. चेहरा दिसतो आणि तसाच राहतो. आजी बसून राहतात टॅबसमोर. मी म्हटलं आपण फोन करू, तर नाही म्हणाल्या. म्हणाल्या, बाळ्या रागावलाय माझ्यावर, त्याचा राग जाईल तेव्हा बोलेल. काल तर जेवल्या पण नाहीत. ताई, दादा खरंच रागावलेत का?"

मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार. "मी समजू शकते" हे तोंडापर्यंत आलं होतं, ते गिळलं.

दुपारी चहा झाला, बाबा पेपर घेऊन आत गेले आणि ठरल्याप्रमाणे माझं नेट गेलं. या खेपेला मी राउटरकडे गेले नाही. मोबाइल हातात घेऊन सरळ मागच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि हातातल्या मोबाइलवर वायफायचं नाव आपोआप बदललं. "माईचं घर."

मी जागच्या जागी थांबले. जुन्या घरी सुट्टीत जायचो तेव्हा उंबऱ्यातच हे नाव मोबाइलवर यायचं. पाठोपाठ आतून माईंची हाक यायची. हाक आता येणार नव्हती, पण मी क्षणभर वाट पाहिली, हे खरं.

बाबा माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसले होते. समोर टॅब, टॅबवर आक्का. खांद्यावर शाल, डोळे मिटलेले, मान थोडी कललेली. तिच्या कपाळावर एक छोटा गोल फिरत होता. बाकी काहीच हलत नव्हतं. बाबांच्या डोळ्यांवर वाचायचा चष्मा होता. त्यातून पेपर दिसतो, टॅब नुसता धूसर. ते निधनवार्ता वाचत होते. एक संपली की थांबायचे. त्या "हं"साठी जागा सोडायचे. मग घसा साफ करून पुढची.

मला तिथे उभं राहवेना. मी म्हटलं, "बाबा, आक्कांना ऐकू जात नाहीये."

"माहीत आहे," ते मागे न बघता म्हणाले. "बरेच दिवस झाले, बोलत नाही माझ्याशी. काहीतरी लागलंय तिच्या मनाला. म्हणून सगळं वाचतो हल्ली. राजकारणसुद्धा."

इतकी वर्षं ज्या माणसाच्या आवाजाला मी वचकून होते, त्याने हे असं सांगितलं. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. चित्र गोठलंय. आक्काला वाटतंय, तुम्ही रागावलात. तिकडे तुमचा चेहरा गोठलेला दिसतो असं त्या बाई सांगतात, इकडे तिचा. दोघं रोज एकमेकांसमोर बसताय आणि दोघांनाही वाटतंय, समोरचा बोलत नाहीये.

बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ तो धोतराच्या नाही, सदऱ्याच्या नाही, पेपरच्याच कोपऱ्याने पुसत राहिले. काच आणखी मळली. मग त्यांनी टेबलामागे बोट दाखवलं आणि शाळेत मुलं कबुली देतात तशा आवाजात म्हणाले, "तुझं नेट... याच्यामुळेच जात असेल का गं?"

टेबलामागे राउटर मिणमिणत होता. मी खूप ओरडेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. पण ओरडायला श्वास घेतला आणि तो नुसताच सुटला.

मी नेट कंपनीला फोन लावला. दुपारची सुट्टी टाकली आणि रांगेत उभी राहिले. म्हणजे त्यांचं संगीत ऐकत बसले. शेवटी एक मध्यमवयीन, दमलेला आवाज आला. मी सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मी समजू शकतो, मॅडम."

"तुम्ही समजू शकत नाही," मी म्हटलं. "मी पण हेच काम करते. मलाही काही समजत नसतं."

तो माणूस हसला आणि त्याचा आवाजच बदलला. म्हणाला, खरं तर हे तुमचं जुनं यंत्र आमचं नाही, मी त्यावर बोलायचं नसतं. पण बोलतो. त्याने विचारलेल्या दोन-चार गोष्टींतून उलगडा झाला. घरातल्या प्रत्येक यंत्राला, मोबाइलला, लॅपटॉपला राउटर एकेक नंबर देतो. नंबर देणारा घरात एकच असायला हवा. इथे केबलच्या दोन टोकांना दोन राउटर, दोघेही नंबर वाटताहेत, आणि वर दोघांचा स्वतःचा पत्तादेखील एकच. त्यामुळे यंत्रांना कळत नाही की बाहेर जायचं तर कुणाच्या दारातून. कधी याच्या, कधी त्याच्या. माईंच्या राउटरच्या दाराबाहेर तर रस्ताच नाही.

मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. बाबा लक्षपूर्वक ऐकत होते. "एका वर्गात दोन मास्तर," ते म्हणाले. "दोघेही हजेरी लावताहेत."

"अगदी बरोबर, आजोबा," फोनवरचा माणूस म्हणाला. "आता एका मास्तरला हजेरी सोडायला सांगायची."

काम सोपं होतं. माईंचा राउटर घरच्या केबलपासून सोडवायचा, माझा लॅपटॉप त्यालाच तारेने जोडायचा, त्याच्या सेटिंगच्या पानावर जायचं. आधी त्याचा पत्ता बदलायचा, म्हणजे बैठकीतल्याशी टक्कर नको. मग नंबर वाटणं बंद करायचं. मग केबल परत साध्या भोकात. आधी हे, मग ते, असं त्याने दोनदा बजावलं. पण मला घाई. मी नंबर वाटणं आधी बंद करून मोकळी झाले. राउटरने लगेच ऐकलं, माझ्याच लॅपटॉपला नंबर देईना, आणि पान गायब. आता आत शिरायला वाटच नाही.

"हरकत नाही," तो माणूस म्हणाला. "मागे एक बारीक भोक आहे. त्यात टाचणी खुपसून धरा. कोरा होईल, मग पहिल्यापासून करू."

मी टाचणी आणायला उठले. परत वळून बघते तर बाबांनी राउटर उचलून मांडीवर घेतला होता.

"कोरा म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, आतलं सगळं पुसलं जाईल. नाव, पासवर्ड सगळं. पण काळजी करू नका, दोन मिनिटांत मी तेच नाव पुन्हा टाकते.

"टाकशील गं," बाबा म्हणाले. "कुणीही टाकेल. हे तिनं टाकलंय."

त्यांनी राउटरवर हात ठेवला होता. माई त्या खोलीत कधी आल्या नव्हत्या, पण त्या क्षणी त्या तिथेच होत्या; त्यांनी मागितली असती तर टाचणी मी त्यांच्याच हातात दिली असती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. फोनवरच्या माणसाने सगळं ऐकलं असणार. तो म्हणाला, "टाचणी राहू द्या, मॅडम. दुसरी वाट आहे, जरा लांबची. राउटर नंबर देत नाही ना, मग लॅपटॉपला आपणच हाताने नंबर लिहून देऊ. तुम्हाला वेळ आहे ना?"

मला वेळ होता. त्याला नव्हता, फोन किती लांबला याचा हिशेब त्यालाही द्यावा लागतो हे मला पक्कं माहीत होतं. तरी तो थांबला. मी त्याने सांगितलेले आकडे लिहिले, या वेळी एकेक विचारून. पान पुन्हा उघडलं. पत्ता बदलला, नंबर वाटणं बंदच ठेवलं, केबल लावली. कुठल्या भोकात लावू म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "आजोबांनी आधी लावली होती तिथेच. ते त्यांचं बरोबर होतं." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

"म्हणजे आता हा काहीच करत नाही?" बाबांनी फोनला विचारलं.

"करतो की, आजोबा. बैठकीतलं सगळं या खोलीत आणून पोचवतो, इथलं तिकडे नेतो. फक्त हुकूम त्याचा नाही."

"निवृत्त झाला म्हणा की," बाबा म्हणाले. "पण रोज शाळेत येतो."

मी त्या माणसाचे आभार मानले. मनापासून मानले, आणि ते कसे मानायचे हे सुचेना, कारण आभाराची सगळी वाक्यं मी कामावर वापरून गुळगुळीत केली आहेत. शेवटी म्हटलं, घरी जा आणि कुणालाही समजून घेऊ नका आज. तो पुन्हा हसला.

बाबांनी फोन लावला. आक्काचं चित्र आलं आणि हललं. तिने मान उचलली.

"बाळ्या?"

"हो गं, आक्का."

"रागावलास का रे?"

"नाही गं. तार बिघडली होती. मी रोज वाचत होतो."

"मी रोज बसत होते," आक्का म्हणाली. मी दारापर्यंत गेले. बाबांनी कपाटातून सगळे राहिलेले पेपर काढले. एकही रद्दीत टाकला नव्हता. पहिल्यापासून सुरुवात केली. आठवडाभरापूर्वी गेलेली माणसं पुन्हा एकदा रीतसर गेली, आणि या खेपेला प्रत्येकाला "हं" मिळालं. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं आपलं काम.

मी दार लोटत होते तेवढ्यात आक्काने विचारलं, "बाळ्या, तू कुठे बसलायस?"

"माझ्या खोलीत."

"घर ऐकू येत नाही. आधी यायचं. नळ वाहायचा, भांडी पडायची. ती सून समजू शकते, समजू शकते करायची दिवसभर, आणि मध्येच कुणावरतरी खेकसायची. आता काही नाही. तुला एकट्याला ठेवलंय का त्यांनी?"

"नाही गं," बाबा घाईने म्हणाले. "सगळे आहेत. इथेच आहेत."

मी दार लोटलं आणि बोळात येऊन उभी राहिले. खुर्चीची जागा रिकामी होती. कुणीतरी कानफटात मारावी तसं ते वाक्य बसलं. नेट दुरुस्त झालं होतं. पण त्यांना मागे धाडलं होतं ते मी, आणि तसंच ठेवून मी सुटका झाल्यासारखी बाहेर आले होते.

बैठकीत जाऊन मी आमच्या राउटरचं पान उघडलं. त्याचं नाव म्हणजे कंपनीने दिलेली अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. आम्ही कधी बदललंच नव्हतं. दोन्ही राउटरांचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, तर चालता चालता यंत्र एकाकडून दुसऱ्याकडे जातं, फोन तुटत नाही, असं त्या माणसाने जाता जाता सांगितलं होतं. माईंच्या राउटरचं नाव बदलून आमचं द्यायचं, की आमचं बदलून त्यांचं, हा प्रश्नच नव्हता. मी बाबांना पासवर्ड विचारायला गेले. त्यांनी टॅब हाताने झाकून, गंभीर चेहऱ्याने सांगितला. "आधी हात धुवा." माईंनी तो असा का ठेवला असेल हे त्यांच्याकडे पाहुणा म्हणून गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

संध्याकाळी नवरा आला. दारातच बूट काढता काढता त्याने मोबाइल बघितला आणि एक बूट पायात तसाच ठेवून उभा राहिला. त्याच्या मोबाइलला ते नाव पाठ होतं. तो आत जाऊन बाबांच्या पलंगावर बसला, आणि बराच वेळ दोघं हळू आवाजात बोलत होते. बाबांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

सुपरवायझरशी भांडून मी माझी चहाची सुट्टी पुढे घेतली, आक्काच्या वेळेला. दुसऱ्या दिवशी बोळात खुर्ची मीच ठेवली आणि बाबांना सांगितलं, टॅब घेऊन बाहेर या, फोन चालूच ठेवा. त्यांचा विश्वास बसेना. टॅब दोन्ही हातांत ताटासारखा धरून ते खोलीतून निघाले. "आक्का, आता दारातून बाहेर पडतोय. आता बोळात आलो." भिंतीच्या कोपऱ्यावर चित्र पापणी लवण्याएवढं अडखळलं. मग आक्काने शाल सारखी केली आणि चित्र चालत राहिलं.

"कुठे आहे ती, समजू शकते म्हणणारी?" आक्काने विचारलं.

मी हेडफोन काढून पुढे झाले. "नमस्कार आक्का. कशी आहे तब्येत? मी इथेच आहे."

"हा विम्याचा आवाज आहे, पोरी. तो नको."

दुसरा आवाज कुठून आणतात, हे मी कधी शिकले नव्हते. तेवढ्यात बाबा चष्मा शोधायला लागले. खिसे चाचपले, पेपर झटकला, टेबलाखाली वाकून पाहिलं, आणि दमून जे बसले ते खुर्चीवर नाही, शेजारच्या स्टुलावरच्या माझ्या कामाच्या कागदांवर.

"बाबा, चष्मा तुमच्या कपाळावर आहे! आणि उठा आधी, सगळे कागद चुरगळलेत, आता मी ते कुणाला दाखवू?"

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. बाबा गडबडीने उठले, कागद सरळ करू लागले, आणखी चुरगळले.

"हं," आक्का म्हणाली. "आता ऐकू आलं घर. वाच, बाळ्या."